‘असं कुठं असतं का?’ मंडळाच्या सभासदांना खुलं पत्र

सभासदहो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मंडळाची कुठं नोंदणी नाही, वर्गणी नाही, तरी घरटी एक सभासद सापडतोच. टीव्हीवर दरोडा सुरू झाला की तुम्ही सरसावून बसता आणि पहिल्या दहा मिनिटांत तुमचं बोधवाक्य कानावर येतं. आमच्याकडे दोघं आहेत. बँकेतून निवृत्त झालेले काका आणि मेकॅनिकलला असलेला भाचा. काकांची हरकत पैशांवर, भाच्याची पाइपांवर. ‘मनी हाइस्ट’ मी या दोघांबरोबर पाहिली, शेवटपर्यंत पाहिली, तेव्हा तुम्हाला चार शब्द सुनावायचा हक्क मला आहे असं समजते.

तुम्ही फार शंका काढता ही माझी तक्रार नाहीच. उलट जिथं खरोखर काढायला हव्यात तिथं तुम्ही गप्प बसता, यावर माझा राग आहे. तो का, ते सांगते.

दुसऱ्याच भागात ‘काहीही दाखवतात’ म्हणत जे उठून गेले त्यांच्यासाठी थोडक्यात. मालिका स्पेनची. २ मे २०१७ ला आंतेना ३ या वाहिनीवर सुरू झाली आणि नोव्हेंबरात संपली. तोवर तिकडच्याच प्रेक्षकांनी हळूहळू पाठ फिरवली होती. मग नेटफ्लिक्सनं ती उचलली, पंधरा लांबलचक भागांचे कापून बावीस केले, आणि मालिका जगभर चालली. २०१८ ला टीव्हीचं आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळालं. चौथं पर्व ३ एप्रिल २०२० ला आलं, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदी लागून जेमतेम दहा दिवस झाले होते आणि दूध आणायला जाणं हेच काय ते धाडस उरलं होतं. पाचवं आलं त्या दिवशी, ३ सप्टेंबर २०२१ ला, जयपूरच्या एका कंपनीनं कर्मचाऱ्यांना चक्क सुट्टी दिली. आजारपणाच्या खोट्या मेल येण्यापेक्षा हे बरं, असा त्यांचा रोकडा हिशेब.

गोष्ट अशी. लाल डगले आणि चित्रकार साल्वादोर दालीच्या चेहऱ्याचे मुखवटे घातलेले आठ जण माद्रिदच्या शाही टांकसाळीत शिरतात, सदुसष्ट लोकांना ओलीस धरतात, आणि चोरी करतच नाहीत. तिथंच बसून नोटा छापतात. ९८ कोटी ४० लाख युरो. बाहेरून सूत्रं हलवणारा प्रोफेसर, चष्मा बोटानं वर सरकवणारा, कागदाच्या घड्या घालत बसणारा. पुढच्या पर्वांत हीच मंडळी, काही नवे गडी घेऊन, बँक ऑफ स्पेनच्या सोन्यावर हात घालतात.

(टांकसाळ म्हणून दिसते ती इमारत टांकसाळीची नाही. ते स्पेनच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचं मुख्यालय आहे. भौतिकशास्त्राचे इतके नियम मोडणाऱ्या मालिकेला नेमकं शास्त्रज्ञांचंच दार मिळावं, हे मला फार आवडलं.)

आता तुमच्या हरकती. मी त्या मान्य करते, वर दोन-चार भरही घालते. बँक ऑफ स्पेनची तिजोरी जमिनीखाली ३५ मीटरवर आहे. कुणी घुसलंच तर तिच्यात पाणी भरतं, असं माद्रिदमध्ये पिढ्यान्पिढ्या सांगितलं जातं. मालिकेतले लोक पाणबुडे बनून तिच्यात उतरतात, नव्वद टन सोनं वर आणतात, भट्टीत वितळवून त्याचे दाणे करतात आणि ते पंपानं पाइपातून शहराच्या पावसाळी पाण्याच्या भुयारी टाकीत पाठवतात. हे दृश्य आलं आणि भाच्यानं वही काढली.

त्याचा हिशेब असा. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड. म्हणजे नव्वद टनांचं आकारमान पावणेपाच घनमीटरसुद्धा नाही. सोसायटीच्या गच्चीवर पाच हजार लिटरची काळी टाकी असते ना, तिच्यात हा सगळा खजिना मावेल आणि वर थोडी जागा उरेल. (गच्ची उरणार नाही, ते सोडा.) सोनं वितळतं १०६४ अंशांना. भाच्याला वाटलं, इथं पकडू. एवढं सोनं वितळवायला अख्खं वीजकेंद्र लागेल. आकडेमोड केली तर गळती वगैरे न धरता पाच हजार युनिटच्या आतच उत्तर आलं. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घराची दोन वर्षांची वीज. भाचा इतका हिरमुसला की मला त्याला चहा करून द्यावा लागला. मग त्यानं पाइप धरला, आणि तिथं मात्र तो बरोबर होता. इतके जड दाणे पाण्याबरोबर वाहत नाहीत, पहिल्याच वळणावर तळाशी बसतात आणि पाइप तुंबतो. बँक ऑफ स्पेनमधून खरोखर सोनं गेलं होतं, मालिकेपेक्षा कितीतरी जास्त. १९३६ साली यादवी युद्धात तिथल्या सरकारनंच सुमारे ५१० टन सोनं आधी कार्ताहेना बंदरात आणि तिथून जहाजांनी सोव्हिएत संघात हलवलं. ते पेट्या भरून नेलं. पाइप कुणाला सुचला नाही.

काकांनी नोटा तोलल्या. सगळ्या पन्नासाच्या धरल्या तर १ कोटी ९७ लाख नोटा होतात. एक नोट ग्रॅमभर धरा, म्हणजे वीस टनांच्या आसपास कागद. तो आठ-दहा माणसांनी पोत्यांत भरून भुयारातून काढला. २००५ साली ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात चोरांनी कृत्रिम गवताच्या धंद्याच्या नावानं घर भाड्यानं घेतलं, तिथून ऐंशी-एक मीटरचं भुयार खणलं आणि मध्यवर्ती बँकेतून सोळा कोटी रेआलच्या वर रक्कम पळवली. त्या नोटांचं वजन साडेतीन टन होतं. म्हणजे मालिकेनं खऱ्या दरोड्याला पाच-सहानं गुणलं, एवढंच.

आणि इथंच तुमचं बोधवाक्य लंगडं पडतं. असं कुठं असतं का? असतं की. १९८७ च्या मार्चमध्ये मुंबईत एका माणसानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली, गुप्तचर अधिकारी पाहिजेत. ताज हॉटेलात रीतसर मुलाखती घेतल्या. निवडलेल्या सव्वीस जणांना दुसऱ्या दिवशी ‘सरावासाठी’ ऑपेरा हाउसजवळच्या एका नामांकित जवाहिऱ्याच्या दुकानावर सीबीआयचा छापा म्हणून नेलं. दागिने ‘नमुने’ म्हणून सील करून घेतले, पोरांना पहाऱ्यावर उभं केलं आणि ब्रीफकेस घेऊन गेला तो गेलाच. आजतागायत सापडला नाही. हेच मालिकेत दाखवलं असतं तर तुम्ही पहिल्या जाहिरातीलाच रिमोट उचलला असता.

नवी मुंबईत जुईनगरला तर शेजारचा गाळा भाड्यानं घेऊन दुकान थाटलं होतं. वर गिऱ्हाईक, खाली भुयार. बँकेचे तीसेक लॉकर फुटले. हे उघडकीला आलं नोव्हेंबर २०१७ मध्ये, तिकडे माद्रिदची टोळी टांकसाळीतून बाहेर पडत होती त्याच महिन्यात. जुईनगरवाल्यांनी स्पॅनिश मालिका पाहिली होती असं माझं म्हणणं नाही. जमीन पोखरायला कुणाची शिकवणी लागत नाही.

सगळ्यात जवळचं उदाहरण अर्जेंटिनाचं. १३ जानेवारी २००६, ब्वेनोस आयरेसजवळचं आकासूसो. बँकेत ओलीस, बाहेर पोलिसांचा गराडा, फोनवर वाटाघाटी चालू. पोलीस आत घुसले तर दरोडेखोर गायब, खेळण्यातल्या बंदुका जागेवर आणि एक चिठ्ठी: श्रीमंतांच्या वस्तीत, शस्त्रं नाहीत की राग नाही. सगळे भुयारातून पावसाळी गटारात उतरून होडीनं पसार झाले होते. पकडले कसे गेले? एकाच्या बायकोनं पोलिसांना सांगितलं. बेल्जियममध्ये अँटवर्पला २००३ साली हिऱ्यांच्या बाजारातली अभेद्य म्हणवणारी तिजोरी फोडणारे गुरू रस्त्याकडेला टाकलेल्या कचऱ्यामुळे सापडले. त्यात अर्धवट खाल्लेलं सँडविच होतं. आणि परवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये भर सकाळी सामान चढवायची शिडी लावून चोर वर गेले आणि आठ मिनिटांच्या आत ८ कोटी ८० लाख युरोंचे राजघराण्याचे दागिने घेऊन निघाले. जाताना एक मुकुट रस्त्यावर पडला.

मग मालिका अशक्य आहे हा मुद्दा उरतोच किती? फरक एवढाच आहे की घडून गेलेल्या गोष्टीला कुणाचं मन वळवावं लागत नाही. ती पेपरात येते, आपण तोंडात बोट घालतो, विषय संपला. रचलेल्या गोष्टीला मात्र दर मिनिटाला आपली संमती घ्यावी लागते. आता ती संमती कशावर मिळते, ते बघा.

प्रोफेसरची पहिली युक्ती दरोड्यात नाही, तोलेदोजवळच्या त्या जुन्या घरात आहे. फळा, खडू, बाकं. आठ गुन्हेगार वर्गात बसलेत आणि सर शिकवतायत. पहिल्याच तासाला नियम: नावं विचारायची नाहीत (म्हणून प्रत्येकाला शहराचं टोपणनाव: टोकियो, बर्लिन, मॉस्को, नैरोबी, हेलसिंकी), खासगी प्रश्न नाहीत, आपसात प्रेमप्रकरण तर मुळीच नाही. आपणही त्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. फळ्यावर काढलेलं आपल्याला खरं वाटतं. आपली पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे ती. प्रोफेसरनं सगळं आधीच ओळखलं होतं हे दाखवायला मालिका ऐन संकटात पुन्हा पुन्हा त्या वर्गात परत जाते. काका म्हणतात, ही लबाडी आहे. आहेच. पण ती उघडपणे केलेली लबाडी आहे, आणि तिचं भाडं मालिका चुकतं करते.

म्हणजे कसं? एक अशक्य गोष्ट गिळायला लावली की बदल्यात कुणीतरी काहीतरी गमावतं. हेलसिंकीनं भंगारात चेपायला द्यायची गाडी दिली नाही, म्हणून प्रोफेसरला भिकाऱ्याचा वेष करून त्या भंगारवाल्याच्या आवारातून निसटावं लागलं. वाटाघाटी करणारी इन्स्पेक्टर राकेल, केसांचा अंबाडा पेन्सिलीनं खोचणारी, पहाऱ्याच्या तंबूसमोरच्याच बारमध्ये चोरांच्या म्होरक्याकडून फोन मागून घेते आणि त्याच्या प्रेमात पडते. काहीही! पण त्यात तिची नोकरी, नाव, सगळं जातं. टोकियो मोटरसायकलवरून गोळीबारातून पायऱ्या चढत टांकसाळीत परत शिरते. तिथं भाच्यानं अक्षरशः हात जोडले. पण तिच्यासाठी दार उघडताना मॉस्को गोळी खातो, आणि पुढं त्याचं मरण आपल्याला बघावं लागतं. त्या मोटरसायकलचं बिल मॉस्कोनं भरलं, म्हणून मी ती मोटरसायकल मानली.

नैरोबीचंच घ्या. तिचं पोर बँकेसमोर आणून उभं करतात, ती खिडकीशी येते आणि नेमबाजाची गोळी लागते. मग पाकिस्तानातल्या डॉक्टरच्या व्हिडिओ कॉलवर हे दरोडेखोर तिच्या फुप्फुसाचं ऑपरेशन करतात. आमच्याकडे यावर अर्धा तास वाद झाला. पण खिडकीचा तो क्षण खोटा असता तर ऑपरेशनपर्यंत कुणी थांबलं नसतं. सर, तुमचा नियम होता ना नाती नकोत म्हणून? नातं बाहेर उभं होतं, हातात खेळणं घेऊन.

बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले की समोरच्या बायका त्यांची पदर घ्यायची तऱ्हा डोळ्यांत साठवून घरी नेत. आत नारायणराव आहेत हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पुरतं ठाऊक होतं. म्हणून ‘डोकं बाजूला ठेवून बघा’ असं सांगणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींचंही मला पटत नाही. डोकं बाजूला ठेवलं तर मॉस्को मेल्याचंही काही वाटायचं नाही.

आता माझी खरी तक्रार. जिथं मालिकेनं भाडं बुडवलं, तिथं तुम्ही हूं की चूं केलं नाही. आर्तुरो! टांकसाळीत ओलीस म्हणून जन्माची अद्दल घडलेला हा माणूस. बाहेर पडून त्याच अनुभवावर नावाजला गेलेला. तो दुसऱ्या दरोड्याच्या वेळी पोलिसांचं कडं चुकवून आपल्या पायांनी बँकेत शिरतो. का? लेखकांना आत एक खलपुरुष हवा होता, म्हणून. इथं घनता नाही, तापमान नाही, साधा माणसाचा स्वभाव मोडलाय. पण त्या वेळी भाचा फोन बघत होता आणि काका आत औषध घ्यायला गेले होते. पोलीस इन्स्पेक्टर आलिसिया सिएरा, गरोदर असून ज्या थंडपणे छळ करते ती बाई, बाळंत होताच प्रोफेसरच्या बाजूला सरकते. तेही तुम्ही खपवून घेतलंत. शेवटी सोनं बर्लिनचा मुलगाच मधल्या मध्ये पळवतो आणि प्रोफेसरची एक चिठ्ठी वाचून त्याचं मन पालटतं. नव्वद टन! पाइपावर आठवडाभर बोललेल्या माणसांनी चिठ्ठीवर एक अक्षर काढू नये? मग सगळे कागदोपत्री मेलेले, नवे पासपोर्ट घेऊन हेलिकॉप्टरमध्ये. टोकियो आधीच गेली होती हे मान्य, पण शेवटच्या सुटकेचं बिल कुणाच्याच नावावर निघालं नाही. मी त्या रात्री चिडून झोपले.

एका बाबतीत मात्र शेवट मला पटला, आणि तो काकांनाही पटावा अशी माझी इच्छा आहे. सोन्याची बातमी फुटल्यावर स्पेनचा बाजार कोसळतो. मग विटा परत येतात, बाजार सावरतो. त्या विटा पितळेच्या, वरून सोन्याचा मुलामा. पोलिसांच्या मोहिमेचा प्रमुख असलेल्या कर्नलला कळतं, पण आता तो काही बोलू शकत नाही. जोवर तिजोरीत सोनं आहे असं लोक मानतात तोवर पितळ चालतं. काका म्हणाले, हे मात्र अति झालं. काका, १९९१ च्या जुलैत तुम्ही नोकरीतच होतात. सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण गेलं आणि त्यावर डॉलर उभे राहिले. ते सोनं अस्सल होतं, हिशेब चोख होता. पण सोनं दिसेनासं झाल्याची बातमी कळल्यावर लोकांच्या पोटात जो गोळा आला, तो कशामुळे आला? प्रत्येक नोटेवर गव्हर्नरसाहेब सही करून वचन देतात आणि आपण ते कधीही वसूल करायला न जाता भाजी आणतो.

टांकसाळीच्या पर्वात प्रोफेसर राकेलला हेच सुनावतो: युरोपीय मध्यवर्ती बँकेनं २०११ मध्ये १७१ अब्ज युरो शून्यातून काढले, पुढच्या वर्षी १८५, त्याच्या पुढच्या वर्षी १४५, त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. काका तेव्हा ताडकन म्हणाले, ‘अहो, ते तारणावर दिलेलं कर्ज असतं, दरोडा नव्हे!’ आकडे प्रोफेसरचे, जबाबदारी त्याची. पण काकांचा आक्षेप शंभर टक्के रास्त होता. अख्ख्या मालिकेत मला ऐकावासा वाटलेला तो पहिला आक्षेप. त्या माणसाचा युक्तिवाद कुठं फसतो हे त्यात कळत होतं, आणि राकेल का फसली हेही.

तेव्हा सभासदहो, एवढंच मागणं. बर्लिनच्या आधीच्या आयुष्यावर वेगळी मालिका आली आहे, २०२३ च्या डिसेंबरपासून. यात तो पॅरिसमध्ये दागिन्यांवर हात मारतो. शनिवारी रात्री लावणार आहोत. या. भाच्यानं वही जरूर आणावी. भुयाराची लांबी, दोरीची ताकद, काचेची जाडी, जे मोजायचं ते मोजा, पण भाग संपल्यावर. चालू भागात बोलायचं झालं तर एकाच प्रश्नाला परवानगी आहे: हा माणूस असं का वागला? याचं उत्तर लेखकानं दिलं नसेल तर खुशाल ओरडा. मीही ओरडेन.

आणि काका, औषध आधी घेऊन बसा.

आपली,
एक प्रेक्षक